माळ्यावरच्या डब्यांचं काय करायचं?

पत्राचा सारांश: वडिलांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांचं घर विकलं गेलं आहे आणि सहा आठवड्यांत ते रिकामं करून द्यायचं आहे. माळा उतरवताना रंगाचे 17 डबे निघाले. वडील घराचं रंगकाम स्वतः करायचे आणि उरलेला रंग ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवून द्यायचे. बहुतेक डबे भिंतीच्या रंगाचे आहेत, चार ऑइलपेंट आणि वॉर्निशचे, एक स्प्रेचा, आणि एक इतका गंजलेला की त्याला लेबलच उरलेलं नाही. ओळखीचा रंगारी म्हणतो, पाण्याचाच रंग आहे, मोरीत ओता आणि वर दोन बादल्या पाणी सोडा. बायको म्हणते, काळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. बहीण म्हणते, एखाद्या संस्थेला द्या, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पत्रलेखकाला स्वतःला सगळे डबे नव्या घरी न्यावेसे वाटतात. ते लिहितात, ‘बाबांनी आयुष्यात काही वाया घालवलं नाही आणि मी एका दिवसात सगळं फेकायला निघालोय. पण खरं सांगा, 17 डब्यांनी असा काय फरक पडतो?’

सहा आठवडे या कामाला भरपूर आहेत, हे आधी सांगते, कारण तुमच्या पत्रातली निम्मी घालमेल घाईची आहे. सगळे डबे एकाच दिवशी, एकाच ठिकाणी गेले पाहिजेत असं तुम्ही, बायको, बहीण आणि रंगारी, चौघांनीही धरून चाललंय. म्हणून चार माणसांचे चार मार्ग झाले आणि प्रत्येकाचा मार्ग 17 च्या 17 डब्यांना लागू! खरं तर तुमच्या माळ्यावर पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू आहेत. त्या सगळ्यांना आपण ‘रंग’ म्हणतो, एवढंच.

रंगाऱ्याचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते सगळ्यांत सोपं वाटतं. ‘पाण्याचा रंग’ हा त्यांच्या कामातला शब्द आहे. तो पातळ करायला पाणी चालतं, टर्पेंटाइन लागत नाही, इतकाच त्याचा अर्थ. डब्यात असतं ते मात्र बरंच काही. रंगाला झाकण्याची ताकद देणारं टायटॅनियम डायऑक्साइड असतं, शेडची रंगद्रव्यं असतात, हे सगळं भिंतीला धरून ठेवणारं ॲक्रिलिकसारखं प्लास्टिक असतं, आणि डब्यात रंग सडू नये म्हणून घातलेली जंतुनाशकं असतात. ही जंतुनाशकं बरेचदा आयसोथायाझोलिनोन या गटातली असतात. काही माणसांच्या त्वचेला त्यांची ॲलर्जी होते आणि पाण्यातल्या जिवांना ती अगदी थोड्या प्रमाणातही घातक ठरतात. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात काय किंवा घराच्या सेप्टिक टँकमध्ये काय, घाण फोडायचं काम जिवाणूच करतात. त्यांच्यावरच आपण जंतुनाशक ओतायचं? आणि पावसाच्या पाण्याच्या गटारात ओतलं तर मध्ये कुठलं केंद्रही नाही, ते थेट ओढ्याला लागतं. दोन बादल्या पाण्याने रंग फक्त दिसेनासा होतो. त्यातला चिकटा पाइपाच्या आतून तसाच बसतो जसा भिंतीवर बसतो, कारण चिकटून बसण्यासाठीच तो बनवलेला आहे.

याचा राग रंगाऱ्यावर काढू नका. ब्रश धुवायला आणि उरलेलं ओतायला त्याला बहुतेक घरांत मोरीशिवाय दुसरी जागा कुणी दाखवलेलीच नसते.

काळ्या पिशवीचं म्हणाल, तर ती पिशवी पुढे कुणीतरी उचलतं. कचऱ्याच्या गाडीत दाबयंत्र असलं की झाकण उडतं आणि ओला रंग बाकीच्या कागद-प्लास्टिकवर पसरतो. जे पुन्हा वापरता आलं असतं तेही मग वाया जातं. ऑइलपेंटच्या डब्यातलं द्रावक पेट घेणारं असतं, म्हणजे तिथे नुसती घाण होऊन भागत नाही. पिशवी काळी असल्यामुळे उचलणाऱ्याला आत काय आहे ते कळत नाही. मला सगळ्यांत जास्त खटकतं ते हेच.

आणि 17 डब्यांनी काय फरक पडतो? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे की विकत घेतलेल्या घरगुती रंगापैकी सुमारे 10 टक्के रंग उरतो. म्हणजे दहा डबे रंग खपला की एक डबा कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर चढतो. तुमच्या वडिलांसारखी माणसं जगभर आहेत. हे ओझं इतकं वाढलं की अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने 2009 साली कायदा केला आणि उरलेला रंग परत गोळा करण्याची व्यवस्था रंग बनवणाऱ्या कंपन्यांनाच उभारायला लावली. 2010 मध्ये ती सुरू झाली आणि मग इतर काही राज्यांनी तोच कित्ता गिरवला. ब्रिटनमध्ये ‘कम्युनिटी रीपेंट’ नावाचं जाळं आहे. ते घराघरांतून उरलेला चांगला रंग गोळा करतं आणि गरजू कुटुंबांना, संस्थांना देतं. अशा रंगाचं पुढे जे करतात ते तुम्हाला घरीही जमण्यासारखं आहे: डबा उघडून बघायचा, वास घ्यायचा, पाण्याचा आणि तेलाचा वेगळा काढायचा, मिळत्याजुळत्या शेड एकत्र करायच्या, गाळायचं आणि पुन्हा डब्यात भरायचं.

आता बहिणीचं म्हणणं. ते मनाने सगळ्यांत चांगलं आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. काही वर्षांपूर्वी आमच्या घराचं काम झालं तेव्हा उरलेले पाच डबे मी मुलांच्या एका वाचनालयाला दिले. त्यात काही अगदी जुनेही होते. झाकणं न उघडता दिले, आणि मोठ्या समाधानाने घरी आले. दोन महिन्यांनी पुस्तकं द्यायला गेले तर जिन्याखाली त्यातले तीन डबे तसेच. तिथल्या बाई संकोचून म्हणाल्या, ‘यांना कुजका वास येतोय हो, आणि हे टाकायचं कुठे तेही आम्हाला कळेना.’ त्यांच्याकडे आधीच मनुष्यबळ नव्हतं, आणि मी माझी अडचण त्यांच्या जिन्याखाली नेऊन ठेवली होती. ते तीन डबे मी परत आणले. तेव्हापासून माझा नियम आहे की जो रंग मी स्वतःच्या भिंतीवर लावला असता तोच दुसऱ्याला द्यायचा, आणि डबा उघडून, ढवळून, कागदावर लावून बघितल्याशिवाय द्यायचाच नाही. बहिणीला नाही म्हणू नका. तिचा मार्ग तुमच्या चार-पाच डब्यांसाठी अगदी बरोबर ठरेल, फक्त ते चार-पाच कुठले हे आधी शोधावं लागेल.

राहिला तुमचा मार्ग, सगळं बरोबर न्यायचा. त्यामागे बाबांची आठवण आहे, हे मला कळतं. पण ठेवून दिलं म्हणजे वाया गेलं नाही, हे रंगाच्या बाबतीत खरं ठरत नाही. न उघडलेला पाण्याचा रंग नीट ठेवला तर दहाएक वर्षं टिकू शकतो, ऑइलपेंट त्याहूनही जास्त. एकदा झाकण उघडलं, हवा आत गेली, ब्रश बुडवला, की दोन-तीन वर्षांनंतर त्याची खात्री देता येत नाही. माळ्यावरची उष्णता त्याला मुळीच मानवत नाही. कडक थंडीत गोठला तरी तो फाटतो. म्हणजे ज्या दिवशी डबा माळ्यावर चढला त्याच दिवसापासून तो हळूहळू वाया जात होता. वडिलांची काटकसर मला त्यांच्या हाताने केलेल्या रंगकामात जास्त दिसते.

शिवाय ‘डागडुजीला लागेल’ हा हिशेब जवळजवळ कधीच जमत नाही. भिंतीवरचा रंग ऊन, धूळ आणि हात लागून बदलत जातो, डब्यातला बदलतो तो वेगळ्याच तऱ्हेने. तीन-चार वर्षांनी त्याच डब्यातून त्याच भिंतीवर ठिपका द्या, ठिगळ लांबून दिसतं. शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवावी लागते आणि तेवढा रंग डब्यात नसतो. तुमच्या बाबतीत तर ज्या भिंतींसाठी हे रंग आणले होते त्या भिंतीच आता दुसऱ्याच्या झाल्या आहेत. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: सामान हलवणाऱ्या बऱ्याच कंपन्या ऑइलपेंट, थिनर असलं पेट घेणारं सामान गाडीत घेतच नाहीत. आधी विचारून ठेवा, नाहीतर शेवटच्या दिवशी डबे पायरीवर राहतील आणि मग कुणीतरी मोरीचं नाव काढेल.

आता कामाचं बघू. एका मोकळ्या सकाळी डबे उघड्या हवेत मांडा, खाली जाड प्लास्टिक अंथरा, हातमोजे घाला. स्प्रेचा आणि बिनलेबलचा डबा आधीच बाजूला ठेवा, त्यांना हात लावू नका. बाकीच्यांची लेबलं वाचा. ब्रश पाण्याने धुवा असं लिहिलं असेल, किंवा इमल्शन, डिस्टेंपर, ॲक्रिलिक असं नाव असेल, तर तो पाण्याचा. टर्पेंटाइन किंवा थिनर वापरा असं असेल, किंवा इनॅमल, वॉर्निश असं नाव असेल, तर तो तेलाचा. प्रायमरचं नुसतं नाव पुरत नाही, तो दोन्ही प्रकारांत मिळतो. दोन्हींचे ढीग एकमेकांपासून लांब ठेवा, कारण इथून पुढे त्यांचे रस्ते वेगळे आहेत.

पाण्याच्या रंगाचा डबा उघडताना स्क्रू-ड्रायव्हर झाकणाच्या कडेला एकाच ठिकाणी लावून जोर करू नका. थोडं थोडं उचलत गोल फिरा, म्हणजे झाकण वाकत नाही. आत बहुतेक वर पाण्याचा थर आलेला दिसेल, किंवा दुधावर धरते तशी साय. साय धरली म्हणजे रंग गेला असं नाही. ती कडेने सोडवून अख्खी उचलून घ्या, ढवळून आत मोडू नका. मग चपटी काठी तळापर्यंत घालून ढवळा. तळाशी चिकणमातीसारखा गाळ लागेल. तो हळूहळू सुटत असेल, रंग पुन्हा एकजीव होत असेल, तर आशा आहे. काठी वर उचला आणि धार बघा: सलग पडते की तुटत तुटत? जुन्या वर्तमानपत्रावर ब्रशचा एक पट्टा ओढा. गुळगुळीत लागला, रवाळ कण आले नाहीत, तर रंग चांगला. बारीक गुठळ्या असतील तर पातळ नायलॉनच्या कापडातून गाळून घ्या, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. ढवळूनही दह्यासारखा फाटलेलाच राहिला, किंवा झाकण उघडताच आंबट-कुजका वास आला, तर त्याचा नाद सोडा. डब्यातलं जंतुनाशक संपून आत जंतू वाढले की तो वास येतो, आणि तो भिंतीवर लावल्यावरही जात नाही.

प्रत्येक डब्यावर त्याच वेळी मार्करने लिहा: चांगला, गाळून चांगला, गेलेला. किती उरलाय तेही लिहा. नंतर आठवत नाही.

चांगल्या निघालेल्या रंगाचा पहिला हक्क वापराचा. नव्या घरातली अडगळीची खोली, कपाटाची आतली बाजू, भिंतीतलं फडताळ, अशा ठिकाणी लिटर-दोन लिटर सहज जिरतो. बाहेरच्या भिंतीसाठी बनवलेला रंग मात्र घरात वापरू नका. त्यात बुरशी आणि शेवाळ मारणारी द्रव्यं जास्त असतात आणि बंद खोलीत ती नकोत. थोडे थोडे उरलेले आतल्या भिंतींचे रंग एकत्रही करता येतात. पाण्याचा पाण्यातच, मॅट मॅटमध्ये आणि चकाकीचा चकाकीत. आधी एका पेल्यात थोडं थोडं मिसळून रात्रभर ठेवून बघा, सकाळी गुठळ्या झाल्या नसतील तर मोठ्या बादलीत सगळं ओता. फिक्या रंगात गडद थोडा थोडा घालत जा, उलटं केलंत तर फिका रंग संपून जाईल आणि शेड हलणार नाही. बहुधा राखाडी-तपकिरी काहीतरी तयार होईल. वरच्या हाताला तो शोभणार नाही, पण नव्या रंगाखालचा पहिला हात म्हणून छान चालतो. जेवढा लागेल तेवढा एकाच वेळी मिसळा. तीच शेड पुन्हा जमणार नाही.

त्यानंतर बहिणीला फोन करा. संस्थेला विचारायचं ते असं: ‘आमच्याकडे आतल्या भिंतीचा अमुक शेडचा तीन लिटर रंग आहे, तपासलेला आहे. तुमच्याकडे त्याची जागा आहे का?’ नाटकाचा नेपथ्य करणारा गट, शाळा, निवारा, अशा ठिकाणी फिक्या रंगाला मागणी असते. मूळ डब्यात, मूळ लेबलसकट द्या. लेबल म्हणजे त्या रंगाची कुंडली असते, पुढच्याला तो कशावर लावायचा, कशाने धुवायचा हे त्यावरूनच कळतं. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत रंग, थिनर, टर्पेंटाइन कधीही भरू नका, देण्यासाठीही नाही आणि ठेवण्यासाठीही नाही. तहानलेलं लहान मूल बाटलीचा आकार बघतं, आत काय आहे ते बघत नाही. त्यांनी नको म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. त्यांनी स्पष्ट सांगितलं हे तुमच्यावर उपकारच.

पाण्याच्या रंगातला जो गेलेला आहे, आणि जो कुणालाच नको आहे, तो वाळवायचा. तळाशी बोटभर असेल तर झाकण उघडून, पाऊस लागणार नाही अशा हवेशीर जागी, मुलं आणि जनावरं जाणार नाहीत अशा ठिकाणी डबा ठेवून द्या. काही दिवसांत घट्ट होतो. जास्त असेल तर नुसता ठेवून उपयोग नाही, वर जाड साय धरते आणि आत महिनोन्महिने ओलाच राहतो. अशा वेळी लाकडाचा भुसा किंवा मांजरांसाठी मिळते ती माती साधारण रंगाइतकीच घाला आणि कालवा. ओला वाटला तर अजून घाला. थोडं सिमेंट टाकलं तरी आळून येतो. डबा उलटा करून काहीच ओघळलं नाही म्हणजे झालं. बऱ्याच ठिकाणी असा पूर्ण वाळलेला पाण्याचा रंग साध्या कचऱ्यात घेतात, तरी तुमच्या भागातल्या कचरा विभागाला एकदा विचारून घ्या. देताना झाकण लावू नका. उघडा, वाळलेला डबा दिसला की उचलणाऱ्याला भीती राहत नाही. पूर्ण रिकामा, आतून कोरडा लोखंडी डबा भंगारात जातो. प्लास्टिकच्या बादलीतला वाळलेला पापुद्रा बरेचदा एका तुकड्यात सुटून येतो आणि बादली पुन्हा वापरता येते, फक्त खाण्यापिण्याचं काही त्यात ठेवू नका.

वाळवणं हा माझ्या दृष्टीने शेवटचा मार्ग आहे. टायटॅनियम डायऑक्साइड खाणीतल्या खनिजापासून, खूप ऊर्जा खर्चून बनतं, आणि डब्यात वाळला की तो सगळा खटाटोप मातीत जातो. म्हणून तर आधी इतकी ढवळाढवळ करायला सांगितली.

तेलाच्या चार डब्यांना यातलं काही लागू नाही. ते उघडून वाळत ठेवू नका. त्यातलं द्रावक हवेत उडतं, डोकं दुखवतं आणि ठिणगीचं निमित्त पुरतं. चांगला असेल तर दार, गज, लोखंडी टेबल अशा कशालातरी दारं-खिडक्या उघड्या ठेवून लावून टाका, किंवा असं काम करणाऱ्याला द्या. नाहीतर झाकण घट्ट लावून, डबा उभा ठेवून, घातक घरगुती कचरा जिथे स्वीकारतात तिथे न्या. रंगाचे डबे, कीटकनाशकं, बॅटऱ्या असं सगळं वेगळं घेण्याची सोय अनेक ठिकाणी असते, पण बरेचदा ठरावीक दिवशीच. सहा आठवड्यांचा खरा उपयोग इथे आहे: आजच चौकशी करा आणि तारीख लिहून ठेवा. स्प्रेचा डबा याच गठ्ठ्यात जाईल. रिकामा वाटला तरी त्यात दाब असतो, त्याला भोक पाडू नका आणि आगीजवळ नेऊ नका. जुनं टर्पेंटाइन असेल तर ते झाकणाच्या बरणीत दोन दिवस स्थिर ठेवा, बरणीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून. रंगाचा गाळ खाली बसतो, वरचं नितळ टर्पेंटाइन पुन्हा ब्रश धुवायला वापरता येतं. गाळ मात्र या चार डब्यांबरोबरच द्यायचा.

या कामात एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते, आणि तिच्यामुळे घरं जळली आहेत. जवसाच्या तेलाचं वॉर्निश किंवा तेलाचा रंग पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात किंवा पिशवीत टाकू नका. हे तेल वाळतं ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन, आणि त्यात उष्णता तयार होते. चिंधी पसरलेली असेल तर ती उष्णता उडून जाते. बोळा केला तर आतल्या आत साठते आणि काडी न लावता चिंधी पेटते. चिंध्या बाहेर एकेक पसरून कडक वाळू द्या, किंवा पाण्याने भरलेल्या लोखंडी डब्यात बुडवून झाकण लावून ठेवा.

ब्रश धुण्याबद्दलही सांगते, कारण दर वेळी ब्रश-रोलरमधूनही रंग मोरीत जातो. धुण्याआधी ब्रश डब्याच्या कडेला निपटा, मग वर्तमानपत्रावर घासून घासून कोरडा करा. मग बादलीत थोड्या पाण्यात पहिलं धुणं करा आणि ती बादली रात्रभर तशीच ठेवा. रंग तळाशी बसतो, वरचं पाणी सांडपाण्याच्या मोरीत हळूच ओतायचं, उघड्या गटारात नाही, आणि तळाचा गाळ भुशात कालवायचा. दुसऱ्या दिवशी तेच काम पुढे करायचं असेल तर धूच नका. ब्रश प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून ठेवा, सकाळी ओलाच असतो.

ज्या वाचकांकडे रंगकाम व्हायचं आहे त्यांनी माळ्याचा विचार दुकानात जायच्या आधीच करावा. 12 फूट बाय 10 फुटांची खोली, उंची 10 फूट. चार भिंती मिळून 440 चौरस फूट. दार आणि खिडकीचे 40 वजा केले तर 400, दोन हातांचे 800. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण 100 ते 130 चौरस फूट जातं, म्हणजे सहा ते आठ लिटर. हे कागदावर मांडून गेलात तर ‘असू दे दोन लिटर जास्त’ म्हणायची वेळ येत नाही. कमी पडलाच तर शेडचा कोड असतोच, तोच कोड देऊन तेवढाच परत आणता येतो. उरलेला ठेवायचाच असेल तर लिटरचा दहावा भाग उरला म्हणून त्याला चार लिटरचा डबा नको. रिकाम्या जागेतली हवाच रंग खराब करते, तो छोट्या डब्यात काढा आणि लेबल हाताने उतरवून चिकटवा. झाकणाची खाच पुसून घ्या, वर कापड ठेवून लाकडी ठोकळ्याने बसवा. खोलीचं नाव, शेडचा कोड आणि तारीख डब्याच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं बदलतात.

तुमच्यासाठीही तेच. ज्या शेड तुम्हाला बाबांची आठवण म्हणून हव्या आहेत त्यांच्या लेबलांचे फोटो काढा आणि प्रत्येक रंगाचा एकेक पट्टा जाड कार्डावर ओढून, वाळवून, मागे खोलीचं नाव लिहून ठेवा. कार्डं एका पाकिटात मावतात. पुढे कधी नव्या घरातली एखादी भिंत त्याच शेडची करावीशी वाटली तर कोड घेऊन ताजा रंग आणता येईल.

शेवटी तो गंजलेला, बिनलेबलचा डबा. तुम्ही लिहिलंय की तो बहुधा तुमच्या लहानपणी खिडक्यांना लावलेल्या पिवळ्या रंगाचा असावा. तो उघडू नका, ठोकू नका, हलवून आत किती आहे तेही बघू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता असते, पिवळ्या, नारिंगी, लाल, हिरव्या शेडमध्ये जास्तच, कारण ते रंग पुष्कळदा शिशाच्या संयुगांपासून बनत. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर 1978 मध्ये बंदी घातली, इतर अनेक देशांनी फार उशिरा. आज पुष्कळ देशांत मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग अशी आहे, आणि लहान मुलांच्या शरीरात शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित मानता येत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डबा तसाच उचलून एका मोठ्या बादलीत ठेवा, भोवती वाळू किंवा भुसा भरा म्हणजे गळला तरी बाहेर येणार नाही. बादलीवर लिहा: ‘जुना ऑइलपेंट, शिसं असू शकतं.’ घातक कचऱ्याच्या ठिकाणी तो नुसता ठेवून येऊ नका, तिथल्या माणसाच्या हातात द्या आणि तोंडीही सांगा.

आणि तोच रंग त्या घराच्या खिडक्यांवर अजून असणार, वरच्या चार हातांखाली. डबा गेला तरी तो तिथेच आहे. नवीन मालक राहायला येण्याआधी खिडक्या घासून काढायला सांगतील, सगळेच सांगतात. किल्ल्या देताना त्यांना एवढं कळवा की खिडक्यांचा जुना रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासायचा नाही, त्याची धूळच सगळ्यांत वाईट. आधी शिशाची तपासणी करून घ्यायची, आणि ती होईपर्यंत घरात लहान मूल असेल तर सुटणारे पापुद्रे ओल्या फडक्याने टिपून घ्यायचे. तोंडी सांगितलेलं घर बदलण्याच्या गडबडीत विसरलं जातं. कागदावर लिहून किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर द्या.